बोरिवली नॅशनल पार्क आणि आरेतल्या पाड्यांचे वनहक्क

रानवाटा

नमस्कार मंडळी. सध्या आम्ही काहीजण नॅशनल पार्क आणि आरेच्या पाड्यांवर वनहक्काचे दावे भरायला मदत करतो आहोत. पाड्यांच्या बातम्या येतात त्या घरं पाडायची वेळ आली की, नाहीतर झाडं तोडली की. एरवी कोणी विचारत नाही. इथे बोरिवली, गोरेगाव, ठाण्याचे बरेच वाचक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटरचा, मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलेला. बोरिवलीच्या बाजूने नवापाडा, रावणपाडा, तुमणीपाडा, चुनापाडा. ठाण्याच्या बाजूने येऊरला पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, रोणाचा पाडा. लागून असलेल्या आरेत प्रजापूरपाडा, केल्टीपाडा, खांबाचा पाडा, चाफ्याचा पाडा धरून २७ पाडे सांगितले जातात. वस्ती मुख्यतः वारल्यांची, शिवाय मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. कातकरी तर केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटात येतात. महाराष्ट्रात असे तीनच गट आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातला एक आपल्या लोकल स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर राहतो.

आता कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यान जाहीर करताना जिल्हाधिकाऱ्याने तिथल्या लोकांच्या हक्कांची चौकशी करायची असते. एकदा अंतिम अधिसूचना निघाली की सगळे हक्क सरकारकडे जातात. गुरं चारणं बंद, लाकूडफाटा बंद, कंद-भाज्या काढणंही बंद. मे अखेरीला बोरिवली स्टेशनबाहेर शेवळाच्या जुड्या आणि त्यासोबत काकडं घेऊन बसणाऱ्या बायकांकडून आपण कौतुकाने भाजी घेतो. ती पार्कातून आणली असेल तर ते आणणं कागदावर गुन्हा आहे.

पुढे १९९५ मध्ये पार्कातली अतिक्रमणं हटवावीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि १९९७ चा आदेश आला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत नाव असेल तर ७००० रुपये भरून पुनर्वसन, नसेल तर बाहेर. पार्काच्या कडेने वाढलेल्या झोपडपट्ट्यांसाठी ही तारीख ठरली असेल. पण त्याच मोजणीत अनेक पाड्यांतली घरंही आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलेल्या वारली कुटुंबाने १९९५ ची मतदारयादी दाखवायची! ज्यांची नावं त्या यादीत नव्हती त्यांनी काय करायचं, हा प्रश्न आजही पाड्यांवर विचारला जातो.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे त्याच्या प्रस्तावनेतच कबूल केलेलं आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या किंवा कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंतचा हक्क मिळतो. वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही स्पष्ट लिहिलेली आहेत. कलम ४(५) सांगतं की हक्कांची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवायचं नाही. म्हणजे क्रम ठरलेला आहे. आधी हक्क नोंदवा, मग काय हलवायचं आणि काय ठेवायचं ते त्या लोकांसोबत बसून ठरवा. मुंबईत नेमकं उलटं चाललंय. आधी नकाशे तयार होतात, पुनर्वसनाच्या इमारतींच्या जागा ठरतात, आणि पाड्यांना शेवटी कळतं. मला या धाग्यातून एवढंच मांडायचं आहे.

दावे तीन प्रकारचे असतात: वैयक्तिक, सामूहिक (सगळ्यांनी मिळून वापरायच्या गोष्टींचा), आणि सामूहिक वनसंपत्तीचा (जंगल राखायचा आणि सांभाळायचा). बहुतेकांना पहिलाच माहीत असतो, कारण घर वाचवायची घाई असते. पण सामूहिक दाव्याच्या वेळी जे बघायला मिळतं ते फार मोठं आहे. एका पाड्यावर नकाशा काढायला बसलो तेव्हा म्हाताऱ्या बायका पुढे झाल्या. घरांकडे त्या वळल्याच नाहीत. आधी उंबराखालचा शेंदूर लावलेला वाघोबा, मग ओढ्यातली खेकडी धरायची जागा, मग खळं, बुजलेली विहीर, मसणवट, आणि कुडाच्या शेंगा कुठल्या उतारावर मिळतात ते. आमच्यातला एक मुलगा जीपीएसचे आकडे लिहून घेत होता आणि एक आजी त्याला सारखी मागे ओढत होती, "इथं नाही, दोन हात वर." वाघोबाची जागा दोन हातसुद्धा चुकलेली तिला चालत नव्हती.

ही माणसं इथून हलली तर शहराला एवढंच दिसेल की काही झोपड्या गेल्या आणि तेवढे फ्लॅट मिळाले. त्या नकाशाला कुठलाच फ्लॅट बदली देता येत नाही.

चर्चा व्हावी. वेगळं मत असेल तरी जरूर लिहा.

---

माई_गोरेगाव

वाचतेय. शेवळांबद्दल माहीत नव्हतं. दर वर्षी घेते त्यांच्याकडून.

---

सह्यभटक्या

लेख मनापासून लिहिलाय, पण मला पटत नाही, आणि का ते लिहितो.

मी बरीच वर्षं पार्कात पक्षी बघायला जातो. आज एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात हे जंगल शिल्लक आहे ते १९९७ च्या आदेशामुळे. तेव्हा कोर्टाने कडक भूमिका घेतली नसती तर मालाड-कांदिवलीच्या डोंगरउतारावर आज जंगलाचं नाव राहिलं नसतं. २०१८ च्या मोजणीत पार्क आणि आसपास ४७ बिबटे सापडले. इतक्या दाट लोकवस्तीला खेटून इतके बिबटे जगात क्वचित कुठे असतील. एकदा हक्क द्यायला सुरुवात केली की पाड्याच्या नावावर दहा बाहेरचे घुसतील, त्यांच्यामागे बिल्डर येईल. आदिवासींबद्दल मला आदरच आहे. माझी भीती त्यांच्याआडून येणाऱ्यांची आहे.

दुसरं, तुमच्या पाड्यांवर आता पत्रे, सिमेंट, डिश अँटेना, बाइक सगळं आहे. पारंपरिक जीवनशैली म्हणून किती काळ सांगणार?

---

येऊरकर

सह्यभटक्या, बाहेरच्यांची भीती खरी आहे, पण ते पाड्याच्या आडून येत नाहीत हो. येऊरला या एकदा शनिवारी रात्री. बंगले, लॉन, टर्फ, लग्नाचे डीजे. त्यांच्या गाड्यांच्या रांगेतून पाटोणापाड्याच्या बायका पाणी घेऊन जाताना दिसतील. अनधिकृत बांधकामांवर वर्तमानपत्रांत किती वेळा आलं, कोर्टातही गेलं. जंगलाला त्रास कोणाचा जास्त, रात्री एकपर्यंत फोकस मारणाऱ्या टर्फचा की गवताच्या चार भाऱ्यांचा? आणि नोटीस आधी कोणाला येते?

---

रानवाटा

@सह्यभटक्या, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. बिल्डरबद्दल तुम्हाला जी भीती वाटते तिची सोय कायद्यात आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. वनहक्काने मिळालेली जमीन वारसाने मुलांकडे जाते, पण ती विकता येत नाही, कोणाच्या नावावर करताही येत नाही. कलम ४(४). पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. म्हणजे बिल्डरला विकत घेण्यासारखं तिथे काही राहतच नाही. उलट हक्क नोंदलेले नसले, पाडा कागदावर नुसता "बांधकाम" म्हणून असला, की ती जागा रिकामी करून दुसऱ्या कामाला वापरणं सोपं जातं. आरेत मरोळ-मरोशीच्या ९० एकरांवर पुनर्वसनाच्या इमारती उभारायचा प्रस्ताव आला होता तो आठवत असेल. जंगलातून लोक काढायचे आणि त्यांच्यासाठी जंगलालगतच टॉवर बांधायचे!

कट-ऑफ तारीखही २००५ ची आहे. उद्या येणाऱ्याला तिथे जागा नाही. आणि आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. १९९५ च्या मतदारयादीपेक्षा ही चाळणी किती बारीक आहे ते बघा.

पत्रे आणि बाइकबद्दल मी उत्तर देत नाही. ते पाड्यावर राहणाऱ्यांनी द्यावं.

---

कणसरी

मी देते. आरेतल्या एका पाड्यावर राहते, वारली आहे, कॉलेज झालं, आता नोकरी करते. बाइक माझ्या भावाची आहे, तो त्यावर डिलिव्हरीचं काम करतो.

दादा, तुमच्या आजोबांच्या घरी वीज नव्हती म्हणून तुमच्या घरी वीज आल्यावर तुम्ही मराठी राहिला नाहीत असं कोणी म्हणतं का? आमच्याकडून मात्र कुडाच्या भिंतीची अपेक्षा. पत्रे आम्ही हौसेने लावले नाहीत. कारवी आणायला गेलं की अडवतात, गवत आणायला गेलं की अडवतात, मग छपराला काय घालायचं? पक्कं बांधायला गेलं तर परवानगी नाही. म्हणून पत्रा.

वाघबारशीचं सांगते. तुम्ही वसुबारस करता त्याच दिवशी आमची वाघबारस. माझी आजी काकडी किसून तांदळाच्या पिठात घालते, पानात गुंडाळून उकडते, आणि ते घेऊन सगळे वाघोबाकडे जातात. भगत बोलतो की आमच्या पोराबाळांना, गुराकोंबड्यांना सांभाळ, आम्ही तुझ्या वाटेत येणार नाही. हे बोलणं नुसतं देवाशी नसतं. संध्याकाळी लहान पोराला एकटं ओढ्यावर पाठवायचं नाही, बिबट्या गेला त्या वाटेने लगेच जायचं नाही, कुत्रं रात्री बाहेर बांधायचं नाही, हे सगळं त्यातच शिकवलं जातं. कॅमेरे लावायला आलेल्या संशोधक ताईंना वाटा पाड्यातल्याच लोकांनी दाखवल्या होत्या.

आमच्याकडेही बिबट्याने माणसं नेली आहेत. २०२२ च्या दिवाळीत आरेत दीड वर्षाचं लेकरू गेलं. आमच्या पाड्यावर तेव्हा कोणी जेवलं नाही. पण बिबट्याला मारून टाका असं माझ्या आजीच्या तोंडून मी ऐकलं नाही. ती म्हणाली, लाइट द्या, संडास द्या. अंधारात पोरीबाळींना उघड्यावर जावं लागतं, तिथेच धोका असतो. वीज मागायला गेलं की सांगतात जमीन तुमची नाही.

आणखी एक. प्रजापूरपाड्यातली काही घरं मेट्रोच्या कारशेडसाठी हलवली, ती माणसं आता इमारतीत आहेत. माझी एक आत्या तिथे आहे. तिच्या हिरव्या देवाची टोपली, ज्यात मोराची पिसं असतात, ती फ्रिजवर ठेवलीय, कारण दुसरी जागाच नाही. तिच्या मुलीच्या लग्नात चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहायला सवासणी आल्या, तर भिंतीला ऑइलपेंट, त्यावर तांदळाचं पीठ बसेना. शेवटी कागदावर लिहून चिकटवला. आत्या कोंबड्या पाळायची, भाजी लावायची, आता दोन घरची धुणीभांडी करते आणि मेंटेनन्स भरते. मी तिच्याकडे राहायला गेले की दुसऱ्या दिवशी परत येते.

---

माई_गोरेगाव

कणसरी, बाळा, लिहीत राहा. २०१९ मध्ये ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेत कारशेडसाठी झाडं तोडली तेव्हा आम्ही सोसायटीतल्या बायका पिकनिक पॉइंटपर्यंत गेलो होतो, पुढे पोलिसांनी सोडलं नाही. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. तेव्हा टीव्हीवर सगळे झाडांबद्दल बोलत होते. मीही. पाड्यातली माणसं मागे उभी होती, त्यांना कोणी माइक दिला नाही हे आता वाचताना जाणवतंय.

---

सह्यभटक्या

कणसरी, वीज आणि संडासाबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. त्यावर कोणाचाच आक्षेप नसावा.

रानवाटा, जमीन विकता येत नाही हा मुद्दा महत्त्वाचा आहे, मला माहीत नव्हता. पण माझा प्रश्न कायम आहे. संरक्षित जंगलात हक्क देऊन जंगल टिकलं असं कुठे झालंय? गडचिरोलीचं मेंढा (लेखा) सांगू नका, ते राष्ट्रीय उद्यान नाही.

---

ताम्रपट

वकिली करतो, दाव्यांची काही प्रकरणं बघितली आहेत, म्हणून लिहितो.

सह्यभटक्या, कर्नाटकात बिळिगिरी रंगनाथ डोंगर आहेत, तिथे व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या सोलिगा आदिवासींना २०११ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत मिळालेले ते देशातले पहिले. तिथे आजही वाघ आहेत आणि सोलिगाही आहेत. ओडिशात नियमगिरीला २०१३ च्या निकालानंतर बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण थांबली. तो डोंगर डोंगरिया कोंधांचा देव आहे, आणि देवाच्या जागेवरचा हक्क ग्रामसभेने ठरवायचा असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. 

मेंढ्याचंही सोडू नका. २००९ मध्ये त्यांना १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला आणि बांबू कधी, किती तोडायचा हे ते गाव ठरवतं. राष्ट्रीय उद्यानातही कलम ४(२) ची वाट आहेच. वन्यजीवांसाठी एखादा भाग खरोखर मोकळा हवा असेल तर आधी हक्कांची मान्यता पूर्ण झालेली असली पाहिजे, माणसांच्या असण्याने भरून न येणारं नुकसान होतंय हे दाखवलं पाहिजे, सहजीवनाचा दुसरा पर्याय नाही हे सिद्ध केलं पाहिजे, आणि ग्रामसभेची माहितीपूर्ण, मुक्त संमती लेखी हवी. इतकं करूनही लोक हलले तर हरकत नाही. कोणी हलूच नये असं कायदा म्हणत नाही.

विजेसाठी वेगळी तरतूद आहे, कणसरी ताईंनी जरूर वापरावी. कलम ३(२). शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, पाण्याच्या पाइपलाइनी, रस्ता अशा तेरा कामांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन वापरता येते, अट ही की हेक्टरी ७५ हून जास्त झाडं तुटता कामा नयेत. संडास त्या यादीत नाही, पण वीज आणि पाणी आहे.

---

येऊरकर

ग्रामसभा ग्रामसभा म्हणताय, पण मुंबई-ठाण्यात ग्रामसभा आहे कुठे? आमच्याकडे विचारायला गेलो तर महापालिका म्हणते आमचं काम नाही, तहसील म्हणतं पालिकेत जा.

---

ताम्रपट

बरोबर बोललात, गाडी तिथेच अडते. वनहक्क कायदा गावाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पण वनजमीन पालिकेच्या हद्दीत असली म्हणून हक्क संपत नाही. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानेही शहरी हद्दीत कायदा लागू असल्याचं सांगितलेलं आहे, आणि छत्तीसगडमध्ये जगदलपूर शहरात वनहक्काची पत्रं दिली गेली. पाड्याची सभा घेऊन तिच्यातून वनहक्क समिती निवडायची: दहा ते पंधरा जण, त्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश बायका. तिथून दावा उपविभागीय समितीकडे, मग जिल्हास्तरीय समितीकडे.

मुंबई पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, अनुसूचित क्षेत्रात येत नाही, ते डहाणू, तलासरी, जव्हारकडे. त्यामुळे काही अधिकारी "तुम्हाला काहीच लागू नाही" असं सांगून मोकळे होतात. पेसा वेगळा, वनहक्क वेगळा. वनहक्काला अनुसूचित क्षेत्राची अट नाही.

आरेचं मात्र दोन भागांत बघावं लागेल. ती जमीन १९४९ पासून दुग्धवसाहतीची. २०२० नंतर तिच्यातली सुमारे ८०० एकर राखीव वन करायची प्रक्रिया सुरू झाली. भारतीय वन कायद्याच्या कलम ४ खाली अशी अधिसूचना निघाली की जमाबंदी अधिकाऱ्याने तिथल्या हक्कांची चौकशी करायलाच हवी. त्या भागातल्या पाड्यांनी ही संधी सोडू नये. उरलेल्या पाड्यांची लढाई अवघड आहे, तिथे जमिनीचं स्वरूप वन आहे का इथपासून भांडावं लागेल.

---

कणसरी

जातीच्या दाखल्याचं काय करायचं? माझ्या वडिलांचा नाही. १९५० चा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले नाहीत, जन्माची नोंद नाही, सातबारा नाही. दाखला नाही म्हणून आदिवासी नाही, आदिवासी नाही म्हणून मग ७५ वर्षांचा पुरावा द्या. फिरून फिरून तिथेच.

---

रानवाटा

हे मी लेखात लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. किती तरी दावे इथेच पडून आहेत. आम्ही दोन-तीन ठिकाणी असं केलं की वारली कुटुंबाच्या डहाणू किंवा पालघरकडच्या नातेवाइकांचे दाखले शोधले, रक्ताचं नातं दाखवणारी वंशावळ केली, ती प्रतिज्ञापत्रावर लिहून घेतली. वेळ लागतो, पण होतं. आजीचं माहेर कुठलं ते आधी विचार.

---

ताम्रपट

वंशावळ हा चांगला मार्ग आहे. आणि ताबा दाखवायचा असेल तर वनहक्क नियमांतला नियम १३ वाचा. कागद नसले तरी वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. घर, विहीर, बांध, मसणवट, देवाची जागा या प्रत्यक्ष खुणा चालतात. जुनी गॅझेटियरं, जनगणना, वनविभागाचे नकाशे, सगळं चालतं. असे दोन पुरावे लागतात. तुमच्या आजीने दाखवलेला वाघोबा त्यात बसतो. फोटो काढताना कडेला कोणीतरी उभं राहा, तारीख दिसू द्या, जीपीएसचा आकडा जोडा.

दावा फेटाळला तर घाबरायचं नाही. फेटाळल्याची कारणं लेखी मिळायला हवीत आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला होता, त्याला त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्थगिती मिळाली, कारण किती तरी दावे कारण न देताच फेटाळलेले होते.

---

सह्यभटक्या

माझ्याकडे पार्काच्या पश्चिम भागाचे जुने टोपोशीट आहेत, भटकंतीसाठी जमवलेले. त्यांवर काही पाड्यांची नावं छापलेली आहेत. त्याचा उपयोग होईल का?

---

ताम्रपट

होईल, सरकारी नकाशा म्हणून. कुठल्या वर्षीचे आहेत ते कोपऱ्यात छापलेलं असतं, तो भाग कापू नका. स्कॅन करून रानवाटा यांना पाठवा.

---

रानवाटा

सह्यभटक्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. कणसरी, तुझ्या पाड्याची सभा पुढच्या रविवारी घ्यायची ठरली तर मी येते. सभेच्या वहीत ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे, बायकांची हजेरी वेगळी मोजायची.

---

ताम्रपट

आणि दावा ज्या टेबलावर द्याल तिथून तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नका. "ठेवा, बघतो" म्हणाले तर तिथेच थांबा. पोच नसेल तर पुढे काहीच दाखवता येत नाही.